लेकीकडे जायचा ऋतू

कुठल्या महिन्यात कुठे जावं याची चिकित्सा करणारी माणसं कडकबाईंना मुळातच आवडत नसत. त्यांच्या लाँड्रीत अशी गिऱ्हाइकं यायची. काउंटरवर कोटांचा ढीग टाकायची आणि वर सांगायची, "शनिवारच्या आत द्या हं, डोंगरावर चाललोय. आत्ताच तर तिथे खरी मजा." कोटाच्या अस्तरावर शाईने खूण करता करता बाई मनात म्हणायच्या, मजा तुझी आणि बाहीवरचे चहाचे डाग काढायची सजा माझी.

कडकबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते कपड्यांना घालायच्या खळीवरून पडलं की स्वभावावरून, याबद्दल गल्लीत दोन तट होते. बाईंना विचारायची छाती कुणाची नव्हती. दुकान तसं लहानच. पुढे काउंटर, त्यामागे छतापर्यंत टांगलेले तयार कपडे, आणि कपड्यांच्या पडद्याआड धुलाईची यंत्रं, वाफेची इस्त्री आणि सदा ओली असलेली फरशी. काउंटरशेजारच्या उंच स्टुलावर बाईंचे यजमान बसत. ते निवृत्त बस कंडक्टर. गिऱ्हाइकांना ते अजूनही "पुढे सरका, मागच्यांना जागा द्या" म्हणत आणि दुकानाचं कुठलंही काम करत नसत.

या दोघांची एकुलती एक लेक पृथ्वीच्या पार खालच्या अंगाला, समुद्राकाठच्या एका शहरात राहत होती. लग्न झालं, जावयाला तिथे नोकरी लागली, दोघं गेली. नात तिथेच जन्मली. ती रांगत होती तेव्हा एकदा सगळे येऊन गेले, त्यानंतर नुसता फोन. आता नातीचे दुधाचे दात पडायला लागले होते, आणि आजीच्या मांडीची तिला ओळखही उरली नव्हती. कडकबाईंना बाकी कशाची हाव नव्हती. एकदा तिथे जायचं, लेकीला डोळे भरून बघायचं, नातीला मांडीवर घ्यायचं. एवढीच एक इच्छा, आणि तिच्या वाटेत आडवे आले कोण, तर ऋतू!

झालं असं. डिसेंबरात एका दुपारी लेकीचा फोन आला. या घराची रीत अशी की लेकीचा फोन दुकानात यायचा, खळीच्या डब्याला टेकवून काउंटरवर उभा केला जायचा आणि मोठ्या आवाजावर ठेवला जायचा. म्हणजे बाईंचे हात रिकामे राहत, कंडक्टरांना स्टुलावरून उतरावं लागत नसे आणि हजर गिऱ्हाइकांचीही करमणूक होई.

"आई, ये ना गं," लेक म्हणाली. "आत्ताच ये. इथे छान उन्हाळा आहे. रस्ताभर झाडं फुललीत."

बाई काही बोलायच्या आत समितीचं कामकाज सुरू झालं.

समितीच्या अध्यक्ष होत्या वरच्या मजल्यावरच्या मॅडम. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला, आणि निवृत्तीनंतर एका पर्यटक मंडळाबरोबर त्याच बाजूच्या मुलखात जाऊन आलेल्या. जगाच्या पाठीवरच्या कुठल्याही गावाबद्दल त्यांच्याकडे मत तयार असे. त्या साडी न्यायला आल्या होत्या. ती तशीच काउंटरवर ठेवून त्यांनी फोनकडे तोंड केलं.

"डिसेंबरात? छे छे! डिसेंबरात तिथे सगळं जग लोटतं. पाय ठेवायला जागा नसते. आपल्याकडे हिवाळा तेव्हा तिथे उन्हाळा, त्यामुळे आपल्यासारखे सगळे तेव्हाच पळतात. वहिनी, माझं ऐका, एप्रिल. ना ऊन, ना थंडी. पानं कशी लालबुंद होतात!"

"आणि डिसेंबरात विमानवाले अक्षरशः लुटतात," कंडक्टर म्हणाले. "हंगामी जादा दर. आमच्या बसला असं कधी केलं नाही आम्ही."

स्वेटर न्यायला आलेल्या गिऱ्हाइकानेही एक मत दिलं. त्याच्या साडूचा भाऊ कधीतरी तिकडे गेला होता म्हणे, आणि त्याची पाठ उन्हाने सोलून निघाली होती.

कडकबाईंनी इस्त्री उभी करून ठेवली. त्यांच्यामागे कोटांचा डोंगर होता. लाँड्रीचा खरा हंगाम थंडीचाच. वर्षभराचा संसार त्या दोन-तीन महिन्यांवर चालतो. "अगं, आत्ता कशी येऊ?" त्या म्हणाल्या. "मान वर करायला फुरसत नाही. मॅडम म्हणतात ते बरोबर आहे. एप्रिलमध्ये येते निवांत."

 मग लेक म्हणाली, "बरं. बघा तुम्हाला कधी जमतंय ते." आणि फोन बंद झाला. समितीने एप्रिलवर शिक्कामोर्तब केलं आणि मॅडम साडी विसरून वर गेल्या.

एप्रिल यायच्या आत बाईंनी पासपोर्ट काढला, परवानगीचे कागद केले, नव्या बॅगेला कुलूप घेतलं. आणि तिकीट काढायच्या आदल्या आठवड्यात लेक म्हणाली, "आई, आत्ता नको येऊस."

"का गं?"

"इथे पानगळ सुरू झालीये. सगळं कसं उजाड दिसतं. तुला करमणार नाही."

मॅडमना हा स्वतःचा अपमान वाटला. "उजाड? अहो, पानगळ हीच तर तिथली शोभा! लोक दुनियेतून बघायला येतात!"

"बरं मग जुलैत येते," बाई म्हणाल्या.

"जुलै तर मुळीच नको!" लेक म्हणाली. "भर हिवाळा असतो. वारा असा की छत्री उलटी होते. संध्याकाळ होत नाही तोच अंधार. घरात कोंडून बसशील. सप्टेंबरच्या पुढे बघू या. वसंतात सगळं परत फुलतं."

कडकबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी काय फुलपाखरू आहे का गं," त्या फोनवर ओरडल्या, "फुलं फुलली की यायला? मी तुझी आई आहे! उजाड बघायची सवय आहे मला. तुझ्या बापाचं टक्कल रोज बघते!"

लेक हसली. पण बेत बारगळला तो बारगळलाच.

त्यानंतर बाईंचा संताप दुकानभर फिरायला लागला. सापडेल त्याला त्या झोडपत. विमान कंपनीला झोडपलं, मॅडमना झोडपलं, पृथ्वी तिरकी करून ठेवणाऱ्यालाही सोडलं नाही. कसलं हे जग, त्या म्हणत, जिथे लेकीकडे जायलाही मुहूर्त फुलांना विचारून काढायचा! पूर्वी माणसं आठवण आली की उठून जात. दार वाजवत. आणि आता? आधी हवा बघा, मग गर्दी बघा, मग दर बघा, आणि एवढं सगळं जुळेपर्यंत नातीला लग्नाचं वय येऊ द्या. कंडक्टर एकदाच म्हणाले, "अगं, पोरगी तुझ्या सोयीसाठीच सांगतेय." त्यावर त्यांचा सदरा आठवडाभर इस्त्रीविना राहिला.

जुलै आला. इथे दुकानात उकाडा, यंत्रांची वाफ, अंगाला चिकटणारे कपडे. तिकडे भर हिवाळा. लेकीचा फोन दर रविवारी यायचा, चित्रासकट. ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसायची, नात मध्येच येऊन पडलेला दात दाखवून जायची. आणि लेकीच्या मागे आता कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड दिसायला लागला होता. उन्हाळ्यात तिचं वाळवण मागच्या अंगणात असे, ते फोनमध्ये कधी दिसलं नव्हतं. आता पावसावाऱ्यामुळे ते घरात आलं होतं.

वाळत घातलेले कपडे दिसले की कडकबाईंची नजर माणसांवर राहत नाही. त्यात त्यांचा इलाज नव्हता. पहिल्या रविवारी त्यांनी लेकीला चिमटे कसे लावायचे यावर झापलं. दुसऱ्या रविवारी त्या बोलता बोलता थांबल्या. स्टँडवर लेकीचे दोन कुडते होते, कामावर जायची पँट होती, नातीच्या शाळेचे मोजे, नातीचे फ्रॉक, एक लहानसा टॉवेल. पुरुषाचं काहीच नव्हतं. शर्ट नाही, बनियन नाही, साधा हातरुमाल नाही.

"जावईबापू कुठे आहेत?" कंडक्टरांनी नेहमीप्रमाणे विचारलं.

"फिरतीवर गेलाय, बाबा," लेक म्हणाली.

असेल. पण माणूस फिरतीवरून परत येतो तो मळके कपडे घेऊनच येतो. तिसऱ्या रविवारी जावई झोपला होता, चौथ्या रविवारी बाजारात गेला होता, आणि स्टँडवर तेच कुडते, तीच पँट, तेच मोजे.

आता इथे बाईंच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. लाँड्रीवाल्याला गल्लीतल्या घराघरातलं कळतं. कुणाच्या घरी नवं बाळ, कुणाच्या घरी आजारपण, कोण वेगळं झालं, सगळं गाठोड्यात येतं. पण डाग काढायचा, डागाची चौकशी करायची नाही, हा बाईंच्या सासूपासूनचा दुकानाचा नियम. गिऱ्हाईक स्वतःहून बोललं तर ऐकावं, नाहीतर पावती फाडून द्यावी. या नियमावर बाईंनी सगळं आयुष्य काढलं होतं. इतकी जीभ चालणारी बाई, पण कपड्यांतून कळलेलं कधी एक अक्षर बाहेर गेलं नव्हतं.

त्या सवयीनेच त्यांचा घात केला. लेकीला काही विचारायला त्यांची जीभ उचलेना. मूग गिळून बसल्या, आणि आतल्या आत धुमसत राहिल्या. त्या आठवड्यात ज्यांनी ज्यांनी पुरुषांचे शर्ट टाकले त्यांचे शर्ट असे कडक आले की घालताना करकर वाजत. इस्त्रीचा प्रत्येक फटका जावयाच्या नावाने पडत होता. दिवटा! याच्या लग्नातल्या सुटाला मी स्वतः इस्त्री केली होती. पोरीला नेऊन टाकलं जगाच्या तळाशी, आणि आता स्वतः कुठे तोंड काळं केलं? मग राग लेकीवर जाई. मला ऋतू सांगते! पानगळ सांगते! आईपासून लपवते! आणि एवढं करून डोळ्यांत पाणी यायचं. तो वाफेचा परिणाम, असं त्या कंडक्टरांना सांगत.

पुढच्या रविवारी फोन वाजला तेव्हा काउंटरशी मॅडम उभ्या होत्या, दोन गिऱ्हाइकं होती आणि कंडक्टर स्टुलावर. फोन खळीच्या डब्याला टेकवला गेला. "सप्टेंबरचं काय ठरतंय?" मॅडमनी सुरुवात केली. "मी म्हणते, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा..."

कडकबाईंनी फोन उचलला, मोठा आवाज बंद केला, कानाला लावला आणि टांगलेल्या कपड्यांमधून वाट काढत मागे गेल्या. यंत्राचं बटण दाबून ते थांबवलं. दुकानात असं कधी झालं नव्हतं. कंडक्टर स्टुलावरून उतरले, पण पुढे जायचं त्यांना सुचलं नाही.

"बोल," बाई म्हणाल्या.

"काय बोलू?"

"तुझ्या स्टँडवर महिनाभर एकही शर्ट नाही. किती दिवस झाले त्याला जाऊन?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग लेक म्हणाली, "तू एकटी आहेस का तिथे?"

"एकटी आहे. यंत्रसुद्धा बंद केलंय."

"डिसेंबरात गेला," लेक म्हणाली. "दुसऱ्या गावी, दुसऱ्या कुणाबरोबर. शाळेला सुट्टी लागली त्या दिवशी."

"डिसेंबरात? आणि तू मला आत्ता सांगतेस?" बाईंचा आवाज चढला. "मी काय मेले होते? फोन हातात होता ना? दर रविवारी झाडं दाखवत होतीस, फुलं दाखवत होतीस..."

"मी तुला बोलावलं होतं, आई."

कडकबाईंनी यंत्राच्या कडेला हात टेकला.

"म्हटलं होतं ना, आत्ताच ये. फोनवर काय सांगणार होते? बाबा, मॅडम, कोण तो स्वेटरवाला, सगळे ऐकत होते. म्हटलं, तू आलीस की सांगेन. तर तुम्ही गर्दी किती आणि दर किती ते काढत बसलात. मग मला वाटलं, नको. एप्रिलमध्ये तू येणार म्हणालीस तेव्हा माझी नोकरीही नवी होती, घर अर्धं रिकामं होतं. हे तुला दाखवायचं? म्हटलं, जरा सावरू दे, वसंतात सगळं ठीक दिसेल, मग बोलवीन."

बाईंना बसायला काही मिळेना. त्या मळक्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसल्या. इतके महिने ज्या ज्या लोकांवर त्या चवताळल्या होत्या, ते सगळे एकेक करून डोळ्यांसमोरून गेले, आणि त्या रांगेत शेवटी त्या स्वतः उभ्या होत्या. एप्रिलमध्ये येते निवांत! निवांत म्हणे! पोटची पोर भर दुपारी हाक मारत होती आणि ही बया कोट मोजत होती.

"मी येते," त्या म्हणाल्या.

"आई, खरंच नको गं आत्ता. थंडी आहे, पाऊस आहे, मला रजा नाही. तुला काहीच बघता येणार नाही. सप्टेंबरात..."

"सप्टेंबर गेला खड्ड्यात!" बाई ओरडल्या. ते पुढच्या काउंटरपर्यंत नीट ऐकू गेलं.

त्या बाहेर आल्या तेव्हा समिती जागच्या जागी उभी होती. "या आठवड्याचं तिकीट काढा," त्यांनी यजमानांना सांगितलं.

"या आठवड्याचं?" मॅडमना राहवलं नाही. "अहो वहिनी, भलतंच काय! वर्षातला सगळ्यात वाईट काळ आहे तो तिथला. कुत्रंसुद्धा बाहेर पडत नाही. कुणीही जाणता माणूस..."

"मॅडम," कडकबाई म्हणाल्या, "तुम्हाला भूगोल येतो. माझ्या लेकीचं घर त्यात येत नाही. ही तुमची साडी. घेऊन जा, आणि परत या दुकानात मला महिना सांगायचा नाही."

मॅडमचा चेहरा पडला. बाईंना त्याचं वाईट वाटायला पुढे दोन दिवस लागले. कंडक्टरांनी मात्र, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच, एकही प्रश्न विचारला नाही. तिकीट काढून आले आणि बाई नसताना दुकान कसं चालवायचं ते शिकायला त्यांच्यामागे इस्त्रीपर्यंत गेले. "तू जा," म्हणाले. "मी जाळीन दोन-चार कपडे, पण सांभाळीन." निघताना त्यांनी बॅगेत लेकीसाठी काय काय कोंबलं ते बाईंनी बघूनही बघितलं नाही.

लेकीने सांगितलं होतं त्यात तिळमात्र खोटं नव्हतं. शहर खरोखर भिकारलं दिसत होतं. विमानतळाबाहेर पडताच वाऱ्याने बाईंच्या डोक्यावरची शाल उडवली. आकाश मळक्या फडक्याच्या रंगाचं, समुद्रही त्याच रंगाचा, झाडांचे नुसते खराटे. आणि लेक! नातीला घेऊन ती न्यायला आली होती आणि भाड्याच्या गाडीत वाटभर माफी मागत होती. "इथे ना, आई, नोव्हेंबरात सगळं जांभळं असतं. आत्ता काही दिसत नाही. हा डोंगर ढगात गेलाय, नाहीतर इथून..."

"मी झाडं बघायला आलेय का?" बाई शेवटी खेकसल्या. "आं? डोंगर बघायला आलेय? गप बस. इकडे बघ माझ्याकडे."

लेकीने बघितलं. तिचा चेहरा आधी तसाच राहिला, मग एकदम मोडला. गाडीत, नातीच्या देखत, आईच्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली. नात मध्ये दाबली गेली, पण हलली नाही. गाडीवाल्याने शहाणपणाने आरसा वळवला आणि गाडी सावकाश हाकली.

घरी आल्यावर बाईंनी आधी तो स्टँड खिडकीपाशी नीट हलवला. मग लेकीला अंथरुणाकडे ढकललं. रविवार होता, कामाला सुट्टी होती, तरी लेक म्हणत होती हे करायचंय, ते करायचंय. "झोप," बाई म्हणाल्या, "नाहीतर एक ठेवून देईन." पाचच मिनिटांत ती अशी गाढ झोपली की तिच्या अंगावरून नात दोनदा उडी मारून गेली तरी जागी झाली नाही. किती महिन्यांची झोप होती कुणास ठाऊक. नातीचा दंगा आवरेना, तेव्हा आजीने तिला कोट चढवला, तिचा हात धरला आणि दार हळूच ओढून घेत तिला खाली आणलं.

खाली फाटकाशी तळमजल्यावरचा म्हातारा उभा होता. कुत्र्याला फिरवून आलेला, दोघेही चिंब भिजलेले. त्याने बाईंकडे बघितलं, नातीशी काहीतरी बोलला, आकाशाकडे बोट दाखवलं आणि मान हलवत चुकचुकला.

"काय म्हणतायत गं?" बाईंनी विचारलं.

"म्हणतायत, तुझी आजी चुकीच्या वेळी आली," नात तिच्या तोडक्यामोडक्या मराठीत म्हणाली. "उन्हाळ्यात यायला पाहिजे होतं, म्हणतायत."

इतक्या लांब येऊनही हेच! कडकबाईंचं तोंड उघडलं. कित्येक महिन्यांचा साठा होता, आणि समोरच्याला भाषा कळत नव्हती ही आणखीच सोय. त्यांनी वर बघितलं. लेकीच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता. त्यांचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं.

"त्यांना सांग," त्या नातीला म्हणाल्या, "खरं आहे त्यांचं. उन्हाळ्यातच यायला हवं होतं."

नातीने ते सांगितलं. म्हातारा खूश झाला. कुठल्या झाडाला कुठल्या रंगाची फुलं येतात ते तो एकेका खराट्याकडे बोट दाखवून सांगायला लागला, आणि नातीचा हात हातात घट्ट धरून कडकबाई ते सगळं ऐकत उभ्या राहिल्या.